चिखलाखालची स्प्लेंडर

२२ जुलै २०२१, गुरुवार. आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत उभे होतो आणि खाली माझी स्प्लेंडर कुठे आहे हे मला नेमकं माहीत होतं. जिन्याखाली. फक्त जिना दिसत नव्हता.

चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी नवीन नाही. २००५ च्या जुलैतलं पाणी आईच्या बोलण्यात अजून येतं, आणि त्याच पाण्याची खूण धरून आम्ही सगळे हिशेब करत होतो, तिथेच चुकलो. पहाटे पाणी अंगणात आलं तशी मी गाडी जिन्याखालच्या ओट्यावर चढवली आणि नायलॉनच्या दोरीने खांबाला बांधली. यापेक्षा वर काही येत नाही, असं म्हणालोसुद्धा. दुपारी पाणी खिडकीच्या वर होतं. दोरीचा उपयोग एवढाच झाला की गाडी बुडाली ती जागच्या जागी बुडाली. गल्लीतल्या दोन गाड्या नंतर एकमेकींत अडकलेल्या, भलत्याच कुंपणाशी सापडल्या.

मी एका पतपेढीचा पिग्मी एजंट, म्हणजे दुकानदारांची रोजची बचत गोळा करणारा. सकाळी सात ते अकरा, संध्याकाळी पाच ते नऊ, दुकान ते दुकान. २००९ ची ही गाडी म्हणजे माझं निम्मं दुकानच. विमा होता तो फक्त थर्ड पार्टी. त्यात पुराचं काही मिळत नाही हे ठाऊक होतं, तरी कागद वाळवताना परत एकदा वाचून बघितला.

२४ तारखेला घरातला चिखल काढायचा सोडून मी आधी चाचांकडे गेलो, यावरून घरात अजून ऐकावं लागतं. चाचा म्हणजे आमचे गॅरेजवाले. माझ्याशिवाय या गाडीला हात लावलेला एकच माणूस. तेही फावड्याने चिखल ओढत होते. गॅरेजच्या दाराशी चार-पाच गाड्या आधीच टेकवून ठेवलेल्या.

"चाचा, गाडी बुडाली."

"माझं गॅरेज बुडालं." फावडं थांबलं नाही. मग म्हणाले, "किक मारलीस?"

"नाही."

"चावी लावलीस?"

"नाही."

"मग अर्धी गाडी वाचली."

किक न मारण्यात माझी हुशारी काही नव्हती. किकपर्यंत पाय पोचत नव्हता एवढा गाळ होता. पण समोरच्या बिल्डिंगमधल्या एकाने तोवर मारली होती. आधी नुसती अडत होती, म्हणून त्याने अंगाचा भार टाकून मारली. सिलिंडरमध्ये हवा असेल तर पिस्टन ती दाबतो. पाणी दाबलं जात नाही. मग काहीतरी वाकायला हवं म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. त्याचं इंजिन पुढे उतरवावं लागलं. चावीचं कारण वेगळं, ओल्या वायरिंगमध्ये करंट सोडला की शॉर्ट होऊन होतं तेवढंही जातं.

चाचा म्हणाले, "मला महिनाभर मान वर करायला वेळ नाही. तू घरीच कर. रोज हिशेब लिहितोस ना? तसंच. काढलं ते लिही, ज्या क्रमाने काढलं त्या क्रमाने ठेव. आणि पेट्रोल सगळ्यात शेवटी."

म्हणून मी पिग्मीच्या पावतीबुकाच्या पाठीमागे लिहायला सुरुवात केली. ते पावतीबुकही भिजूनच वाळलेलं.

पहिले दोन दिवस नुसती गाडी धुण्यात गेले. नळाला पाणी नव्हतं, तेव्हा पागोळीखाली बादल्या लावल्या. वाचणाऱ्याला हे काम किरकोळ वाटेल. पण बाहेरचा गाळ निघाल्याशिवाय एकही बोल्ट सोडायचा नाही, हे चाचांनी दोनदा सांगितलं होतं, कारण प्लग काढल्याक्षणी त्याच्या खाचेतला चिखल थेट सिलिंडरात पडतो. जुना टूथब्रश, नारळाच्या हिराची काडी आणि सायकलचा पंप एवढ्यावर काम चाललं. पुराचा गाळ रेतीसारखा नसतो. मैद्यासारखा बारीक आणि वाळला की पुट्टीसारखा घट्ट. हे वाक्य तेव्हा मी नुसतं वैतागून म्हणालो होतो. त्याचा अर्थ महिन्याने कळायचा होता.

मग साइड पॅनल काढून बॅटरीची आधी काळी वायर सुटी केली, नंतर लाल. बॅटरी गेलेलीच होती.

प्लग काढला. भोकातून लगेच काही आलं नाही तेव्हा मला वाटलं, सुटलो. मग किकवर पाय न ठेवता हातानेच ती सावकाश खाली दाबली, आणि प्लगच्या भोकातून चहाच्या रंगाच्या पाण्याची चिळकांडी थेट माझ्या शर्टावर. पंधरा-वीस वेळा दाबल्यावर नुसती फुसफुस यायला लागली. मग त्याच भोकातून चमचाभर नवं ऑइल आत सोडलं, पुन्हा चार वेळा किक दाबली, जेणेकरून सिलिंडरच्या भिंतीला ऑइल लागावं. बाकी सगळ्या कामांना उशीर चालतो, याला नाही. ओल्या सिलिंडरला दोन-चार दिवसांत गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात. मी पाचव्या दिवशी पोचलो होतो. थोडक्यात वाचलो.

इंजिनखालचा ड्रेन बोल्ट सोडला तेव्हा आधी आलं ते स्वच्छ पाणी. तेल हलकं, पाणी जड, त्यामुळे तळाला पाणीच बसणार, हे शाळेत शिकलो होतो, पण इंजिनाखाली घमेलं धरून बघितलं तेव्हा पटलं. त्यामागून दुधाळ, घट्ट, पियुष म्हणून खपेल असं काहीतरी. या गाडीसाठी दुकानात ९०० मिलीचा डबा मिळतो. चिपळूणच्या बाजारपेठेत मात्र त्या आठवड्यात ऑइलचा डबा मिळणं म्हणजे चेष्टाच. कराडहून मेहुणा आला तो तीन डबे, एक प्लग, एअर फिल्टर आणि डिझेलचा कॅन घेऊन आला, आणि बहिणीसाठी आणलेली भाजी त्याखाली चेपली म्हणून बोलणी खाऊन गेला.

तीन डबे पाहून मला वाटलं होतं, दोन उरतील. पहिलं घातलं, किक फिरवत राहिलो, तासाने काढलं, पुन्हा दुधाळ. दुसरंही तसंच गेलं. तिसरं मात्र राखून ठेवलं, गाडी चालू व्हायच्या दिवसासाठी. डिझेल घालून इंजिन धुवून टाक, असा सल्ला निदान चारजणांनी दिला. चाचा म्हणाले, डिझेलने चेन धू. इंजिनात ऑइलच.

सायलेन्सर सोडायला दोन नट आणि मागचा एक बोल्ट. नट वर्षानुवर्षांच्या उष्णतेने भाजलेले, त्यांना रात्रभर डब्ल्यूडी-४०, म्हणजे गंज सोडवणारा फवारा, मारून ठेवलं. सकाळी सायलेन्सर उभा केला तर बादलीभर पाणी, गाळ आणि एक खेकड्याचं पिल्लू निघालं. पिल्लू जिवंत होतं. मुलीने ते डब्यात ठेवलं आणि त्याचं नावही ठेवलं. एअर फिल्टरचा कागद भिजून लगदा झाला होता, त्याला वाळवायचा प्रश्नच नव्हता. त्याच्या डब्यात मात्र तळाशी दोन बोटं चिखल होता. तो न काढता नवा फिल्टर बसवला असता तर पहिल्याच किकला इंजिनाने तो ओढून घेतला असता.

टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढलं. अर्ध्या तासात दोन थर वेगळे झाले. खाली पाणी, वर पेट्रोल. वरचं पेट्रोल ओतून वापरता येईल असा मोह होतोच, तेही त्या दिवसांत. पण पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं. पाणी लागलं की ते इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्यात उतरतं, आणि वर उरतं ते पेट्रोल मूळचं राहत नाही. ते सगळं बाजूला काढलं. टाकी उतरवून दोनदा थोड्या ताज्या पेट्रोलने खळबळून घेतली आणि उन्हाची वाट बघत ठेवली. आषाढात, चिपळूणला, ऊन! शेवटी वीज आल्यावर टेबलफॅनसमोर दोन दिवस ठेवली. ही म्हणाली, "घरातल्या माणसांना वारा नाही आणि टाकीला पंखा."

कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, हे खरं परीक्षेचं काम. तो उतरवण्याआधी हवेचा स्क्रू पूर्ण आत फिरवून किती आटे होतात ते मोजायचं, म्हणजे बसवताना तेवढाच बाहेर काढता येतो. माझे पावणेदोन भरले. वहीवर लिहिले आणि चुकू नये म्हणून भिंतीवरही. ती भिंत नाहीतरी रंगवायचीच होती.

खालच्या वाटीचे स्क्रू मऊ. एकाचं डोकं मी घासून टाकलं, कारण स्क्रू ड्रायव्हर एक नंबर लहान होता आणि मला दम नव्हता. मग कळलं की आधी ड्रायव्हर खाचेत बसवून त्याच्या बुडावर हातोडीचा एक हलका ठोका द्यायचा, आटे सुटतात, आणि मगच फिरवायचं. घासलेला स्क्रू पकडीने धरून कसाबसा निघाला. वाटीत पुन्हा तोच मैदा. फ्लोट, फ्लोटची सुई, मोठा जेट, लहान जेट वहीतल्या क्रमाने जुन्या ताटलीत मांडलं. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक. मोठ्या जेटमधून उजेड दिसत होता. लहान जेटमधून नाही. गाडी स्लोवर चालते ती या लहान जेटवर, त्याचं भोक केसाएवढं. वायरमधला तांब्याचा एक धागा सोडवून तो आतून फिरवला. सुई किंवा टाचणी इथे घालायची नाही, भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल जास्त पिते. मग सायकलचा पंप. उजेड दिसला तेव्हा मी मुलीला बोलावून दाखवला. तिला खेकड्यात जास्त रस होता.

ब्रेकचं काम सोपं पण घाण. दोन्ही चाकं काढली, ड्रम गाळाने भरलेले, आतले ब्रेकचे शू पॉलिश पेपरने घासून घेतले. चेनच्या बंद कव्हरमध्ये इतका चिखल होता की चेन फिरतच नव्हती. ती डिझेलने धुतली आणि बसवताना मधोमध बोटाने उचलून दोन-अडीच सेंटीमीटर हलेल एवढी ढिली ठेवली. चाकांचे बेअरिंग हाताने फिरवले तर करकरत होते. ते नंतर चाचांकडूनच बदलून घेतले, तसंच क्लचचं झाकण उघडून आतला गरगर फिरणारा ऑइल फिल्टरही त्यांनीच साफ केला, कारण गाळ सगळा तिथे जाऊन बसतो. टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्हच्या फटी जुळवण्याच्या कामालाही, मी हात लावला नाही. घरी काय करायचं नाही याचीही एक यादी पावतीबुकात आहे आणि ती मला जास्त उपयोगी पडली आहे.

वायरिंगचा एकेक सॉकेट सोडून, पुसून, फुंकून पुन्हा बसवला. हेडलाइटमधून पाणी ओतलं. मीटरच्या काचेआत मात्र गाळाची रेघ राहिली ती राहिलीच.

८ ऑगस्टला, गटारी अमावास्येच्या रविवारी, नव्या प्लगला कॅप लावून, त्याचे आटे इंजिनाच्या धातूला टेकवून किक मारली. हे करताना प्लग भोकापासून लांब धरायचा, आत पेट्रोलची वाफ असली तर ठिणगी तिथेच पेटवते. निळी, चटचट वाजणारी ठिणगी आली. पिवळट, मुकाट असती तर प्लगला करंट देणाऱ्या कॉइलकडे बघावं लागलं असतं. तिसरा डबा ओतला, लिटरभर ताजं पेट्रोल घातलं, चोक ओढला. नवव्या की दहाव्या किकला गाडी चालू झाली आणि सायलेन्सरमधून एवढा पांढरा धूर निघाला की वरच्या काकू, कोणाचं काय जळतंय, म्हणत बाहेर आल्या. पाच-सात मिनिटांत धूर विरला. गाडी स्लोवर उभी राहिली. मी एवढ्या वेळात एकदाही हसलो नव्हतो असं ही सांगते.

इथे हे सगळं संपायला हवं होतं.

गावात फिरताना काही नाही. पण माझी काही खाती खेर्डी-पिंपळीकडे आहेत. कराड रस्त्याला लागलो, खेर्डी मागे पडली, आणि पिंपळीच्या अलीकडे गाडी अडखळायला लागली. पेट्रोल संपत आल्यावर गाडी जशी खोकते तशी. एक्सिलेटर दिला तर आणखीच बसली, आणि बंद. टाकी उघडून बघितली, पेट्रोल होतं. टपरीवर चहा घेतला, दहा मिनिटांनी किक मारली, चालू. परतताना पुन्हा तेवढ्याच अंतरावर बंद. पुन्हा टाकी बघितली, पेट्रोल होतं, थांबलो, चालू.

मी स्वतःशी निदान करून टाकलं. गरम झाली की बंद, थंड झाली की चालू, म्हणजे सीडीआय, ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, नाहीतर कॉइल. पुराचं पाणी गेलंय, उष्णतेने सुटतंय. निदान इतकं सुंदर बसत होतं की मी तपासायची तसदी घेतली नाही. मेहुण्याच्या गाडीचा सीडीआय लावून बघितला. पिंपळीच्या अलीकडे बंद. कॉइल नवी घेतली. बंद. टाकीचा कॉक उतरवून त्याची जाळी साफ केली, प्लग पुन्हा बदलला. टपरीवाला मला बघितलं की विचारल्याशिवायच चहा ओतायला लागला.

पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण आता मला गाडीची भीती वाटायला लागली. कधी बंद पडेल सांगता येत नाही अशा गाडीवर दिवसभराची वसुली घेऊन कोण फिरणार?

चाचांचं गॅरेज तोवर सुरू झालं होतं. मी सगळा इतिहास सांगितला, सीडीआयपासून. त्यांनी गाडीकडे बघितलंही नाही. एका स्कूटरचा गिअरबॉक्स मांडीवर घेऊन बसले होते.

"बंद पडल्यावर तू पहिलं काय करतोस?"

"टाकी उघडून पेट्रोल बघतो."

"मग?"

"मग दहा मिनिटं थांबतो. थंड झाली की चालू होते."

"उद्या टाकी न उघडता थांब."

एवढंच. मला ते विचित्र वाटलं, पण दुसऱ्या दिवशी, नारळी पौर्णिमेच्या रविवारी, गेलो. पिंपळीच्या अलीकडे ठरल्याप्रमाणे बंद. टाकीला हात लावला नाही. चहा घेतला. दहा मिनिटं, वीस मिनिटं, अर्धा तास. इंजिनवर हात ठेवता येईल इतकी गाडी गार झाली. किक, किक, किक. नाही. या वेळी प्लग पाना बरोबर होता, तेव्हा प्लग काढून ठिणगी बघितली. निळी, चटचटीत. म्हणजे सीडीआय आणि कॉइल यांचा काही संबंधच नव्हता, हे पहिल्याच दिवशी इथेच पाच मिनिटांत कळलं असतं. मग कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोडला. एक थेंब आला आणि थांबला. टाकीत दोन लिटर पेट्रोल आणि वाटी कोरडी.

तेव्हा मी टाकीचं झाकण उघडलं. कान दिला तर ऐकू आलं, सूंऽऽ, आणि खाली ड्रेनमधून पेट्रोलची धार सुटली.

टाकीतून पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढीच हवा वरून आत शिरायला लागते. तिच्यासाठी झाकणात एक बारीक वाट असते. ती बुजली की पेट्रोल उतरता उतरता आत पोकळी होते आणि पुढचं पेट्रोल तीच धरून ठेवते. डब्याला एकच भोक पाडून तेल ओतायला गेलं की जसं अडतं, तसं. रोज मी झाकण उघडून पेट्रोल बघत होतो आणि तेवढ्याने गाडी दुरुस्त करत होतो. श्रेय मात्र दहा मिनिटांच्या थांबण्याला देत होतो.

मी अख्खी गाडी सुटी केली होती, लहान जेटच्या केसाएवढ्या भोकातून उजेड बघितला होता, आणि टाकीचं झाकण मात्र वरून फडक्याने पुसून ठेवून दिलं होतं. त्यात काय साफ करायचं? घरी येऊन ते उलटं केलं. मधल्या भोकात मैद्याची पुट्टी, दगड झालेली. झाकण रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवलं, आणि सकाळी टाचणीने, इथे टाचणी चालते, टोकरून तो खडा काढला. तांदळाच्या कणीएवढा. पंपाने हवा मारली तर पलीकडून फुंकर आली.

सोमवारी सकाळी पिंपळीला निघालो. नेहमीची जागा आली, मी नकळत एक्सिलेटर ढिला सोडला, काही झालं नाही. टपरी समोर दिसली. टपरीवाल्याने मला लांबूनच पाहिलं होतं, ग्लास भरून बाहेर आला होता, आणि गाडी चालूच आहे हे बघून ग्लास धरून तसाच उभा राहिला. मग मीच थांबलो. गाडी बंद केली नाही. स्टँडवर चालूच ठेवली आणि चहा घेतला.